विंडोज इन्स्टॉलर निर्मितीतील दोषनिवारण

विंडोज इन्स्टॉलर निर्मितीतील दोषनिवारण म्हणजे मायक्रोसॉफ्ट विंडोज या कार्यप्रणालीवर सॉफ्टवेअर बसवणारे पॅकेज तयार करताना, ते चालवताना किंवा ते काढून टाकताना उद्भवणारे दोष शोधण्याची व दूर करण्याची पद्धत होय. अशा पॅकेजला इन्स्टॉलर किंवा सेटअप म्हणतात. इन्स्टॉलर फाइली योग्य जागी ठेवतो, रजिस्ट्रीत नोंदी करतो, स्टार्ट मेन्यूत शॉर्टकट निर्माण करतो, आवश्यक पूरक घटक बसवतो आणि पुढे सॉफ्टवेअर काढून टाकण्याची व्यवस्थाही करून ठेवतो. यांपैकी एक पायरी जरी चुकली तरी मूळ प्रोग्राम निर्दोष असूनही तो वापरता येत नाही. अर्धवट स्थापनेमुळे आधीची चालू आवृत्ती बंद पडणे किंवा वापरकर्त्याच्या फाइली नष्ट होणे, असेही घडू शकते.

मराठी सॉफ्टवेअरच्या बाबतीत या विषयाला आणखी एक बाजू आहे. विंडोजमध्ये मराठीसाठी जुन्या पद्धतीचे आन्सी कोड पेज नाही. त्यामुळे इंग्रजीत सुरळीत चालणारा इन्स्टॉलर देवनागरी मजकूर किंवा देवनागरी नावाचे फोल्डर आल्यावर अडखळू शकतो.

## पार्श्वभूमी

डॉस आणि सुरुवातीच्या विंडोजच्या काळात सॉफ्टवेअर बसवणे म्हणजे बहुधा फ्लॉपीवरील फाइली हार्ड डिस्कवर उतरवणे एवढेच असे. सामायिक डीएलएल फाइली आणि रजिस्ट्री यांचा वापर वाढल्यावर हे काम गुंतागुंतीचे झाले. एका सॉफ्टवेअरच्या सेटअपने सामायिक डीएलएलची जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीवर लिहिली की दुसरे सॉफ्टवेअर बंद पडे. या अवस्थेला ‘डीएलएल हेल’ हे नाव पडले.

या अडचणीवर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज इन्स्टॉलर ही सेवा विकसित केली. ती १९९९ मध्ये ऑफिस २००० सोबत वापरात आली आणि विंडोज २००० पासून कार्यप्रणालीचाच भाग बनली. तिच्या पॅकेजचे ‘एमएसआय’ हे विस्तारनाम ‘मायक्रोसॉफ्ट इन्स्टॉलर’ या आरंभीच्या नावावरून आलेले आहे. विंडोज ७ सोबत २००९ मध्ये या सेवेची ५.० ही आवृत्ती आली.

## प्रमुख साधने

इन्स्टॉलर तयार करण्याच्या साधनांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारातील साधने आज्ञावलीवर आधारित असतात. लेखकाने लिहिलेल्या पायऱ्या क्रमाने पार पाडणारी एकच ईएक्सई फाइल त्यांतून तयार होते. जॉर्डन रसेल यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले इनो सेटअप आणि विनॅम्पच्या वितरणासाठी नलसॉफ्ट कंपनीत जन्मलेले एनएसआयएस ही या प्रकारातील सर्वपरिचित मुक्त साधने आहेत. एनएसआयएसमध्ये युनिकोडचा अंतर्भाव २०१६ मधील ३.० या आवृत्तीत झाला. इनो सेटअपची २०१९ मधील सहावी आवृत्ती केवळ युनिकोड स्वरूपात प्रसिद्ध झाली.

दुसऱ्या प्रकारातील साधने एमएसआय पॅकेज तयार करतात. एमएसआय फाइल हा वस्तुतः एक संबंधात्मक डेटाबेस असतो. फाइल, कंपोनंट, फीचर, प्रॉपर्टी, कस्टम ॲक्शन इत्यादी तक्त्यांमध्ये अपेक्षित अंतिम स्थिती नोंदवलेली असते आणि ती प्रत्यक्षात आणण्याचे काम विंडोज इन्स्टॉलर सेवा करते. विक्स टूलसेट आणि इन्स्टॉलशील्ड ही अशी साधने होत. रॉब मेन्शिंग यांनी सुरू केलेले विक्स मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००४ मध्ये मुक्त स्रोत परवान्याखाली खुले केले. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसआयएक्स हे नवे पॅकेज स्वरूप जाहीर केले.

दोष शोधण्याची पद्धत साधनाच्या प्रकारावर अवलंबून असते. पहिल्या प्रकारात ‘कोणती पायरी चुकली’ हा प्रश्न विचारावा लागतो, तर दुसऱ्या प्रकारात ‘कोणती नोंद चुकीची आहे’ हा.

## बांधणीच्या वेळचे दोष

पॅकेज तयार होत असतानाच जे दोष उघड होतात ते तुलनेने सोपे असतात, कारण ते विकासकाच्या संगणकावरच आढळतात.

फाइल न सापडणे. आज्ञावलीत लिहिलेला मार्ग सापेक्ष असेल तर तो कोणत्या फोल्डरापासून मोजला जातो हे साधनागणिक बदलते. एका संगणकावर तयार होणारे पॅकेज दुसऱ्या संगणकावर तयार होत नसल्यास बहुधा आज्ञावलीत पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. मूळ फोल्डर एका चलात ठेवून बाकीचे मार्ग त्यावरून काढणे हा यावरील रूढ उपाय आहे.

तयार फाइलवर कुलूप पडणे. इनो सेटअपमध्ये ‘एंडअपडेटरिसोर्स फेल्ड’ असा संदेश अधूनमधून येतो व पुन्हा प्रयत्न केल्यास पॅकेज तयारही होते. नुकतीच तयार झालेली ईएक्सई फाइल तपासण्यासाठी अँटिव्हायरस ती उघडतो आणि त्याच क्षणी साधनाला तिच्यात बदल करायचा असतो, हे याचे नेहमीचे कारण होय. बांधणीचे फोल्डर तपासणीतून वगळल्यास हा दोष थांबतो. मात्र वितरणापूर्वी तयार पॅकेजची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

आकारमर्यादा. एनएसआयएसच्या एका पॅकेजमध्ये साधारण २ गिगाबाइटपर्यंतचाच मजकूर मावतो. ही मर्यादा ओलांडल्यास डेटा ब्लॉक मेमरीत घेता आला नाही, अशा आशयाचा संदेश येतो. अशा वेळी मोठ्या फाइली पॅकेजबाहेर स्वतंत्रपणे ठेवाव्या लागतात.

अंतर्गत सुसंगतीचे नियम. एमएसआय पॅकेजसाठी मायक्रोसॉफ्टने ‘आइस’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचण्यांचा संच दिला आहे. बांधणीच्या शेवटी या चाचण्या अयशस्वी झाल्या तर त्या बंद करून पॅकेज पूर्ण करण्याचा मोह होतो. परंतु त्यांनी दाखवलेले पुष्कळ दोष पुढे सॉफ्टवेअर काढताना किंवा अद्ययावत करताना उघड होतात, तेव्हा ते हजारो संगणकांवर पोहोचलेले असतात.

## स्थापनेच्या वेळचे दोष

### लॉगचे वाचन

लक्ष्य संगणकावरील दोषाचा शोध लॉग फाइलपासून सुरू होतो. पडद्यावरील संदेश बहुधा मोघम असतो, मूळ कारण लॉगमध्ये नोंदलेले असते. एमएसआय पॅकेज ‘एमएसआयएक्सईसी’ या आज्ञेने ‘/एल*व्ही’ हा पर्याय देऊन चालवल्यास सविस्तर लॉग तयार होतो. इनो सेटअपच्या पॅकेजला ‘/लॉग’ हा पर्याय देता येतो.

एमएसआयचा सविस्तर लॉग हजारो ओळींचा असू शकतो. त्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ या शब्दांचा पहिला उल्लेख शोधणे ही सर्वमान्य पद्धत आहे. अयशस्वी झालेली क्रिया व तिचे कारण बहुधा त्या उल्लेखाच्या लगेच वरच्या ओळींत सापडते. लॉगच्या अगदी शेवटच्या ओळी फारशा उपयोगी नसतात. तोपर्यंत सेवा केलेले बदल उलटवत असते आणि तेथे दिसणाऱ्या त्रुटी मूळ दोषाचे परिणाम असतात.

### नेहमी आढळणारे त्रुटी क्रमांक

* १६०२: वापरकर्त्याने स्थापना रद्द केली.
* १६०३: स्थापनेत गंभीर त्रुटी. हा क्रमांक कारण सांगत नाही, त्यामुळे लॉग पाहणे अपरिहार्य ठरते. फोल्डरावर पुरेसे अधिकार नसणे आणि कस्टम ॲक्शन अयशस्वी होणे ही वारंवार आढळणारी कारणे आहेत.
* १६१२: मूळ पॅकेज उपलब्ध नाही. दुरुस्ती किंवा अद्ययावतीकरणासाठी जुने पॅकेज हवे असते आणि ते हलवले किंवा पुसले गेलेले असते.
* १६१८: दुसरी एखादी स्थापना आधीच चालू आहे.
* १६१९: पॅकेज उघडता आले नाही. मार्ग चुकीचा असणे किंवा फाइल अर्धवट उतरवलेली असणे ही याची संभाव्य कारणे होत.
* १६२५: प्रशासकीय धोरणाने स्थापनेस मनाई केलेली आहे.
* १६३३: पॅकेज या प्रकारच्या प्रोसेसरसाठी नाही. उदाहरणार्थ, ६४ बिट पॅकेज ३२ बिट विंडोजवर चालवणे.
* १६३८: याच उत्पादनाची दुसरी आवृत्ती आधीपासून बसवलेली आहे.
* ३०१०: स्थापना यशस्वी झाली असून संगणक पुन्हा सुरू करणे आवश्यक आहे. ही त्रुटी नव्हे, तरीही अनेक स्वयंचलित आज्ञावल्या तिची गणना अपयशात करतात.

१६१८ हा क्रमांक नवख्या विकासकांना विशेष गोंधळात टाकतो. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकाच पॅकेजची स्थापना करू देतो. म्हणून एका एमएसआयच्या कस्टम ॲक्शनमधून दुसरे एमएसआय चालवण्याचा प्रयत्न फसतो. अनेक पॅकेजे एकापाठोपाठ बसवायची असल्यास ती एका बाह्य ईएक्सईमध्ये गुंफावी लागतात. विक्समधील ‘बर्न’ हा घटक याच कामासाठी आहे.

### अधिकारांचे प्रश्न

विंडोज व्हिस्टामध्ये यूजर अकाउंट कंट्रोल ही व्यवस्था आली. तेव्हापासून प्रशासक असलेल्या वापरकर्त्याचे प्रोग्रामही साध्या अधिकारांनिशीच चालतात आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरात किंवा रजिस्ट्रीच्या सर्वसामायिक भागात लिहिण्यासाठी वेगळी परवानगी लागते. आवश्यक अधिकार मॅनिफेस्टमध्ये नोंदवलेले नसतील तर विंडोज अंदाज बांधते. ३२ बिट ईएक्सईच्या नावात ‘सेटअप’, ‘इन्स्टॉल’ किंवा ‘अपडेट’ असे शब्द असतील तर ती तिला इन्स्टॉलर समजते. फाइलचे नाव बदलताच इन्स्टॉलर परवानगी मागेनासा होतो, या कोड्याचे उत्तर येथे आहे.

कार्यालयांमध्ये आढळणारा दोष याहून सूक्ष्म असतो. कारकुनाच्या खात्याला प्रशासकीय अधिकार नसतात, म्हणून परवानगीच्या खिडकीत प्रशासक स्वतःचे नाव व पासवर्ड टाकतो. त्या क्षणापासून इन्स्टॉलर प्रशासकाच्या खात्याखाली चालतो. परिणामी ‘चालू वापरकर्त्या’साठी केलेल्या नोंदी, डेस्कटॉपवरील शॉर्टकट आणि सेटिंग्ज प्रशासकाच्या खात्यात जातात व कारकुनाला काहीच दिसत नाही. सर्व वापरकर्त्यांसाठीच्या स्थापनेत वैयक्तिक नोंदी मुळीच न करणे आणि त्या प्रोग्राम प्रथम चालू होताना करणे, हा यावरचा उपाय होय. नेटवर्कवरील ड्राइव्हला दिलेले अक्षर वाढीव अधिकारांच्या सत्रात दिसत नाही, याचे मूळही असेच आहे.

एमएसआयमध्ये संगणकात बदल करणाऱ्या कस्टम ॲक्शन ‘डिफर्ड’ प्रकारच्या असाव्या लागतात. ‘इमिजिएट’ प्रकारच्या क्रिया वापरकर्त्याच्या साध्या अधिकारांनिशी चालतात, त्यामुळे त्या विकासकाच्या संगणकावर यशस्वी होऊन इतरत्र फसतात. डिफर्ड क्रियेला बहुतेक प्रॉपर्टींच्या किमती थेट वाचता येत नाहीत. त्या ‘कस्टम ॲक्शन डेटा’ या मार्गाने आधीच पुरवाव्या लागतात. हे न केल्यास क्रियेला रिकामी किंमत मिळते.

### ३२ बिट व ६४ बिट

६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्रामांसाठी स्वतंत्र ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डर आणि रजिस्ट्रीचा स्वतंत्र विभाग असतो. ३२ बिट प्रक्रियेने ‘सिस्टम३२’ फोल्डर मागितल्यास विंडोज तिला गुपचूप ‘सिसवॉव६४’ फोल्डराकडे वळवते. नावांतील अंक उलटे वाटले तरी ६४ बिट फाइली ‘सिस्टम३२’मध्ये आणि ३२ बिट फाइली ‘सिसवॉव६४’मध्ये असतात. इन्स्टॉलर स्वतः ३२ बिट आणि प्रोग्राम ६४ बिट असेल तर नोंद एका विभागात आणि शोध दुसऱ्या विभागात, अशी स्थिती निर्माण होते. इनो सेटअप व एनएसआयएस या दोहोंत ६४ बिट पद्धत स्पष्टपणे निवडण्याची सोय आहे. ३२ बिट म्हणून चिन्हांकित एमएसआय ६४ बिट ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये फाइली ठेवू शकत नाही.

### पूरक घटकांचा अभाव

‘माझ्या संगणकावर चालते’ या तक्रारीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पूरक घटक. विकासकाच्या संगणकावर व्हिज्युअल स्टुडिओसोबत सर्व लायब्ररी आधीच आलेल्या असतात. ग्राहकाच्या संगणकावर मात्र ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडली नाही’ असा संदेश येतो. येथे व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल हे पॅकेज सोबत द्यावे लागते. प्रोग्राम ३२ बिट असल्यास ६४ बिट विंडोजवरही त्याचे ३२ बिट रूपच लागते. इंटरनेटवरून सुटी डीएलएल उतरवून ‘सिस्टम३२’मध्ये टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु अशा फाइलीची आवृत्ती व उगम अनिश्चित असल्याने तो धोकादायक आहे.

इंटरनेट जोडणी नसलेल्या किंवा मंद जोडणीच्या ठिकाणी, उदाहरणार्थ शाळेच्या संगणक कक्षात, पूरक घटक स्थापनेच्या वेळी उतरवणारा इन्स्टॉलर अर्ध्यावर थांबतो. अशा ठिकाणांसाठी सर्व घटक समाविष्ट असलेले संपूर्ण पॅकेज वेगळे तयार करणे श्रेयस्कर ठरते.

## देवनागरी व मराठीशी निगडित दोष

### ऐतिहासिक कारण

भारतीय लिप्यांच्या संगणकीय वापरात पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राचा, म्हणजे सी-डॅकचा, वाटा मोठा आहे. आयआयटी कानपूर येथे उगम पावलेले जिस्ट तंत्रज्ञान तेथे पुढे विकसित झाले. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे सांकेतिक मानक स्वीकारले. तथापि विंडोजवरील मराठी प्रकाशनव्यवहार दीर्घकाळ फॉन्टाधारित पद्धतीने चालला. या पद्धतीत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी चिन्हांची चित्रे बसवलेली असत आणि प्रत्येक उत्पादकाची मांडणी वेगळी असे. अशा सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मराठी मजकूर हा रोमन मजकूरच होता, म्हणून जुन्या इन्स्टॉलरना काही अडचण येत नसे. फॉन्ट मात्र बसलेला नसला की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसत.

विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आणि मंगल हा फॉन्ट आला. विंडोज एक्सपीमध्ये संयुक्त लिप्यांचा आधार कंट्रोल पॅनेलमधून वेगळा बसवावा लागे. मराठीला विंडोजमध्ये ११०२ हा भाषाक्रमांक आहे, परंतु तिच्यासाठी आन्सी कोड पेज नाही. ती केवळ युनिकोडमध्येच हाताळता येते. युनिकोड नसलेल्या इन्स्टॉलरला मराठी दाखवता न येण्याचे कारण हेच आहे.

### प्रश्नचिन्हे आणि विचित्र अक्षरे

देवनागरी मजकूर बिघडण्याचे दोन प्रकार आहेत आणि दिसणाऱ्या चिन्हांवरूनच कारण ओळखता येते. समजा, स्थापनेच्या मार्गात ‘उलवे’ या नावाचे फोल्डर आहे. या शब्दात उ, ल, व आणि ए-काराची मात्रा असे चार सांकेतिक वर्ण आहेत. त्याच्या जागी नेमकी चार प्रश्नचिन्हे दिसली तर युनिकोड मजकूर आन्सी कोड पेजमध्ये रूपांतरित झाला आणि मूळ माहिती कायमची गेली, असे समजावे. प्रश्नचिन्ह हे विंडोजमध्ये फाइलीच्या नावात निषिद्ध असल्याने त्या मार्गावर पुढची कोणतीही क्रिया यशस्वी होत नाही. याउलट बारा विचित्र लॅटिन चिन्हे दिसली तर मजकूर यूटीएफ-८ स्वरूपात शाबूत आहे, फक्त तो चुकीच्या कोड पेजने वाचला जात आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो, म्हणून चार वर्णांची बारा चिन्हे होतात.

पहिल्या प्रकारात इन्स्टॉलर किंवा त्याने चालवलेला एखादा घटक युनिकोड करावा लागतो. एनएसआयएसमध्ये त्यासाठी ‘युनिकोड ट्रू’ हा निर्देश देता येतो. दुसऱ्या प्रकारात आज्ञावलीची फाइल बीओएम खुणेसह यूटीएफ-८ स्वरूपात जतन केल्यास प्रश्न बहुधा सुटतो.

विक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत मराठी मजकूर घातल्यास बांधणीच्या वेळी ‘एलजीएचटी०३११’ ही त्रुटी येते. दिलेल्या मजकुरातील वर्ण डेटाबेसच्या १२५२ या कोड पेजमध्ये उपलब्ध नाहीत, असा तिचा अर्थ आहे. पॅकेजच्या व भाषांतराच्या फाइलीत कोड पेज म्हणून ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, लिहिल्यास ती दूर होते.

### सारखी दिसणारी, पण भिन्न असणारी नावे

मराठीत काही अक्षरे एकाहून अधिक प्रकारे टंकित होतात. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र हा ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून लिहिता येतो, तसेच साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हा अदृश्य वर्ण वापरूनही लिहिता येतो. ‘ॲ’ या स्वराला युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वी तो ‘अ’ आणि चंद्राची खूण जोडून लिहिला जाई व आजही अनेक जण तसा लिहितात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु विंडोज फाइलींची नावे तुलना करताना त्यांना वेगळे मानते. इन्स्टॉलरमध्ये एक रूप आणि प्रोग्रामच्या मूळ संहितेत दुसरे रूप असल्यास फाइल डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. म्हणून प्रोग्रामने वापरायच्या अंतर्गत फाइली व फोल्डर यांना रोमन नावे द्यावीत आणि मराठी नावे केवळ वापरकर्त्याला दिसणाऱ्या शीर्षकांत ठेवावीत, असा संकेत रूढ आहे. वापरकर्त्याच्या खात्याचे नावच मराठीत असू शकते, त्यामुळे देवनागरी मार्गावर चाचणी घेणे तरीही टळत नाही.

### फॉन्ट आणि संवादखिडक्या

देवनागरी अक्षरांना वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार असतात. रोमन मजकुरासाठी आखलेल्या खिडकीत त्यांचे टोक कापले जाते. ‘नेक्स्ट’साठी आखलेल्या बटनात ‘पुढे’ मावते, परंतु लांब वाक्ये बाहेर जातात. यासाठी ओळींची उंची वाढवावी लागते.

विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा फॉन्ट कार्यप्रणालीसोबत येतो. विंडोज १० मध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता व उत्साह हे फॉन्ट ऐच्छिक पूरक संचात गेले. केवळ मंगल गृहीत धरणाऱ्या इन्स्टॉलरची मांडणी नव्या संगणकावर बदललेली दिसते, ती यामुळे. स्वतःचा फॉन्ट बसवणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये फाइल फक्त फोल्डरात ठेवून भागत नाही. तिची रजिस्ट्रीतील नोंदही आवश्यक असते. त्याच नावाचा फॉन्ट एखाद्या चालू प्रोग्रामने उघडलेला असेल तर बदल संगणक पुन्हा सुरू झाल्यावरच अमलात येतो.

## अद्ययावतीकरण व काढून टाकणे

एमएसआयमध्ये प्रत्येक आवृत्तीची ओळख प्रॉडक्ट कोडने आणि उत्पादनमालिकेची ओळख अपग्रेड कोडने होते. अपग्रेड कोड बदलला गेला तर नवी आवृत्ती जुनीला ओळखत नाही व दोन्ही शेजारी शेजारी बसतात. आवृत्ती क्रमांकाचे पहिले तीन भागच तुलनेसाठी धरले जातात. ‘१.२.३.४’ नंतर ‘१.२.३.५’ प्रसिद्ध केल्यास विंडोज इन्स्टॉलरच्या दृष्टीने आवृत्ती बदललेलीच नसते.

फाइल बदलण्याचे नियमही लक्षात घ्यावे लागतात. आवृत्ती क्रमांक असलेली फाइल नव्या क्रमांकानेच बदलली जाते. आवृत्ती नसलेली फाइल, जसे की सेटिंग्जची मजकूर फाइल, वापरकर्त्याने बदललेली असल्यास तशीच ठेवली जाते. परंतु अद्ययावतीकरणात जुनी आवृत्ती आधी पूर्णपणे काढण्याचा क्रम निवडला असेल तर ही फाइल जुन्या आवृत्तीसोबत जाते आणि तिच्या जागी कोरी फाइल येते. वापरकर्त्याची माहिती नष्ट होण्याच्या घटनांमागे हे कारण अनेकदा असते. कागदपत्रे, हिशेब किंवा डेटाबेस प्रोग्रामच्या फोल्डरात न ठेवता वापरकर्त्याच्या डेटा फोल्डरात ठेवणे आणि त्या इन्स्टॉलरच्या मालकीच्या न करणे, ही यातील मूलभूत खबरदारी होय.

प्रोग्राम उघडताच दर वेळी ‘कॉन्फिगर होत आहे’ अशी खिडकी येणे हाही परिचित दोष आहे. कंपोनंटची मुख्य फाइल किंवा नोंद सापडली नाही की विंडोज इन्स्टॉलर स्वतःहून दुरुस्ती सुरू करतो. ही मुख्य नोंद प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळी असेल तर नव्या वापरकर्त्याकडे ती नसल्याने दुरुस्ती पुन्हा पुन्हा होत राहते. बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी मिळवण्यासाठी ‘विन३२_प्रॉडक्ट’ हा वर्ग वापरल्यासही संगणकावरील सर्व एमएसआय पॅकेजांची तपासणी सुरू होते, म्हणून तो टाळला जातो.

## डिजिटल स्वाक्षरी व सुरक्षा

स्वाक्षरी नसलेला इन्स्टॉलर चालवताना विंडोज ‘अज्ञात प्रकाशक’ असा इशारा देते आणि स्मार्टस्क्रीन तो अडवू शकते. ऑथेंटिकोड स्वाक्षरीने प्रकाशकाची ओळख पटते व फाइलीत नंतर बदल झालेला नाही हे सिद्ध होते. स्वाक्षरीसोबत कालमुद्रा नसेल तर प्रमाणपत्राची मुदत संपताच जुने इन्स्टॉलरही अवैध ठरतात. आतील ईएक्सई व डीएलएल फाइलींवर आधी आणि संपूर्ण पॅकेजवर शेवटी स्वाक्षरी करावी लागते. क्रम उलटल्यास बाहेरची स्वाक्षरी मोडते. सॉफ्टवेअर काढणाऱ्या अनइन्स्टॉलर फाइलीवरील स्वाक्षरी बहुधा विसरली जाते.

१ जून २०२३ पासून अशा प्रमाणपत्राची खासगी किल्ली प्रमाणित हार्डवेअर उपकरणात ठेवणे बंधनकारक झाले आहे. भारतात ई-निविदा किंवा विवरणपत्रांसाठी वापरले जाणारे डीएससी टोकन दिसायला तसेच असले तरी त्याने हे काम होत नाही, कारण प्रमाणपत्राच्या वापर-उद्देशात कोड साइनिंगचा उल्लेख असावा लागतो.

स्वाक्षरी ही निर्दोषत्वाची हमी नव्हे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटच्या ड्रायव्हरांवर चोरलेल्या प्रमाणपत्रांच्या स्वाक्षऱ्या होत्या. २०१७ मध्ये सीक्लीनर या सॉफ्टवेअरची बांधणीच्या टप्प्यावरच दूषित झालेली आवृत्ती वैध स्वाक्षरीसह वितरित झाली. इन्स्टॉलर वाढीव अधिकारांनिशी चालत असल्याने तो ज्या फोल्डरातून चालतो तेथील परकी डीएलएल उचलली जाण्याचाही धोका असतो. बहुतेक इन्स्टॉलर ‘डाउनलोड्स’ या फोल्डरातूनच चालवले जातात आणि तेथे काहीही येऊन पडू शकते.

## चाचणीची पद्धत

दोषनिवारणाचा पाया म्हणजे स्वच्छ संगणक. आभासी यंत्रावर नुकतेच बसवलेले विंडोज, त्याची जतन केलेली प्रतिमा आणि प्रत्येक चाचणीनंतर त्या प्रतिमेकडे परत जाणे, ही सर्वसाधारण रीत आहे. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून व्यावसायिक आवृत्त्यांत विंडोज सँडबॉक्स उपलब्ध आहे. ते बंद करताच त्यातील सर्व बदल नाहीसे होतात. त्यामुळे पुन्हा सुरू करण्याची गरज असलेल्या इन्स्टॉलरसाठी पूर्वी मात्र पूर्ण आभासी यंत्रच सोयीचे ठरत असे.

पुढील स्थितींमध्ये स्वतंत्र चाचणी घेतली जाते:

* प्रशासकीय अधिकार नसलेले खाते;
* जागा सोडलेले आणि देवनागरी अक्षरे असलेले खात्याचे व फोल्डराचे नाव;
* मार्गाची लांबी २६० वर्णांच्या पारंपरिक मर्यादेजवळ असणे;
* इंटरनेट जोडणी नसणे;
* आधीची आवृत्ती बसवलेली व चालू असणे;
* स्थापना मध्येच रद्द करणे;
* सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवणे, आणि वापरकर्त्याच्या फाइली शाबूत आहेत का ते पाहणे.

एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा चाचणी घेणे आणि प्रत्येक प्रयत्नाचा लॉग जपून ठेवणे आवश्यक असते. एकाच वेळी अनेक बदल केल्यास दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही व पुढील आवृत्तीत तो परत येतो.

## हेही पहा

* मायक्रोसॉफ्ट विंडोज
* युनिकोड
* देवनागरी
* प्रगत संगणन विकास केंद्र
* डिजिटल स्वाक्षरी